तांदळातली मनीषा

महेशनं पेढ्यांचा खोका खैरनारसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याखाली हळूच अर्ज सरकवला, तिथंच सगळं बिनसलं. नुसते पेढे दिले असते तर ऑफिसनं खाऊन बोटं पुसली असती आणि विषय मिटला असता. पण साहेबांनी दुसऱ्या पेढ्यासाठी खोका जवळ ओढला, खालचा कागद दिसला, आणि पहिला पेढा त्यांच्या घशात थांबला.

"पितृत्व रजा?" साहेबांनी पाणी मागवलं. "बाळंतीण कोण? तू का तुझी बायको?"

सगळं ऑफिस हसलं. नाशिकरोडचं केंद्र सरकारचं ऑफिस ते. हसायला दुसरं काही नसायचं. बापालाही भरपगारी पंधरवडा मिळतो असा नियम येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, पण तो मागायची लाज सगळ्यांनाच. त्या काळात ऑफिसात तिघं बाप झाले. तिघंही दुपारी पेढे वाटून संध्याकाळपर्यंत खुर्चीतच बसले होते. एकानं तर त्या दिवशी ओव्हरटाइम केला.

"नियम आहे साहेब," महेश म्हणाला.

नियम होता खरा. वाल्मीक शिपायानं तो कपाटाच्या डुगडुगत्या पायाखालून उपसून काढला, झटकला आणि साहेबांपुढं धरला. साहेबांनी चष्मा लावून वाचला. नियमापुढं खैरनारसाहेबांचं काही चालत नसे. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेला माणूस, त्याला बायकोपेक्षा ऑडिटची धास्ती जास्त.

"बरं. जन्माचा दाखला लाव आणि जा."

महेशचा जीव भांड्यात पडला. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कळवणकडं गेली होती. मुलगी झाली होती. त्यानं तिला जाताना शब्द दिला होता, 'बारशाला येईन आणि पंधरा दिवस राहीन. एका रात्रीचा पाहुणा म्हणून यायचा नाही.' ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली होती. असा शब्द तिच्या घराण्यात कुठल्या बाईला कुठल्या पुरुषानं दिलेला नव्हता, त्यामुळं त्यावर विश्वास ठेवायचा कसा, तेच तिला कळेना. आता बारसं चार दिवसांवर आलं होतं.

दाखला सासऱ्यानं पाठवलाच होता. महेशनं तो पुढं केला. साहेबांनी वाचला. मग महेशचं सर्व्हिस बुक मागवून उघडलं. एक डोळा इकडं, एक डोळा तिकडं. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

"वाल्मीक, तू बाहेर जा. दार लावून घे." मग हलक्या आवाजात, "महेश, ही तृप्ती पुंजा देवरे कोण?"

"माझी बायको, साहेब."

"आणि इथं आमच्याकडं लिहिलीस ती मनीषा महेश मौले?"

"तीपण माझीच बायको."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब, एकच आहे ती! माहेरची तृप्ती, आमच्याकडची मनीषा. लग्नात नाव बदललं. बाळंतपणाचं कार्ड तिकडं माहेरी काढलं, तिथं सगळे तिला तृप्तीच म्हणतात. नर्सबाई तिची वर्गमैत्रीण निघाली. तिनं सवयीनं लिहिलं शाळेतलं नाव."

"गॅझेटमध्ये छापलंस का नाव बदलल्याचं?"

"नाही."

"लग्न नोंदवलंस?"

"गावजेवण दिलं होतं."

"मग नाव बदललं कुठं?"

"तांदळात, साहेब. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात ना, तसं."

"ते तांदूळ कुठं आहेत?"

"खाल्ले."

साहेबांनी दाखला आणि सर्व्हिस बुक शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून महेशच्या पायाखालची जमीन हलली. "हे बघ बाळा, कागद काय म्हणतो ते ऐक. मनीषा तुझी बायको असेल तर ही मुलगी तुझी नाही. मुलगी तुझी असेल तर मनीषाखेरीज आणखी एक बायको आहे. सरकारी माणसाला दोन बायका चालत नाहीत, नोकरी जाते. रजा राहू दे बाजूला. आधी खुलासा दे. नाहीतर परवाच्या टपालानं मला वर कळवावं लागेल. उद्या ऑडिटनं मला धरलं तर?"

महेश पेढे वाटायला आला होता, जाताना तो निम्मा बाप आणि दुप्पट नवरा होऊन गेला.

दार लावलं होतं, पण वाल्मीक दाराबाहेरच उभा होता. दाराबाहेर उभं राहणं ही त्याची नोकरीच होती. चहाची फेरी पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत पोचली तोवर महेशच्या बायका दोनच राहिल्या होत्या हे नशीब. एकानं पाठीवर थाप मारली. दुसरा म्हणाला, "आम्हाला एक आवरत नाही, आणि बघा हा. तोंडावरची माशी हलत नाही ह्याच्या!"

संध्याकाळी ही बातमी फुलबाजारात उतरली. तिथं महेशची आई नवसाबाई शेवंतीच्या पाट्या लावून बसलेली असे. मळा मखमलाबादच्या रस्त्याला, फुलं घरची, जीभ त्याहून घरची. गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला तर ती फूल परत घ्यायची आणि गिऱ्हाईकाच्या घराण्याचा भाव सांगायची. शेजारच्या पाटीवरची चिमणाबाई झेंडू मोजता मोजता सरकत आली. तिचा भाचा महेशच्या ऑफिसच्या कँटीनला होता.

"नवसा, आयकलं ते खरं का? महेशानं कळवणला दुसरी केली म्हणं. पोरगीबी झाली म्हणं."

"आगं, कळवणची तर पहिलीच हाय!" नवसाबाई कडाडली. "दुसरी करायची तर त्याच गावात कशाला करंल? गाव बदलंल का नाय माणूस?"

"मला काय माहीत बाई. लोकं म्हणत्यात."

"लोकायला म्हणावं फुलं घ्या आन् वाटंला लागा."

पण पाटी आवरली तिनं. दिवेलागणीलाच घरी आली. महेश ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसला होता. बाप लहानू शेजारी बसून सुतळी वळत होता. लहानू बोलत नसे. घरात बोलायचं काम एकीनंच उरकलेलं असल्यामुळं त्याच्यापर्यंत ते कधी आलंच नव्हतं.

महेशनं सगळं सांगितलं. नवसाबाईनं सगळं ऐकलं आणि भलत्याच जागी भडकली.

"रजा? कसली रजा? तू बाळंत झालास का?"

"आई, बापालाही देतं सरकार."

"सरकारला काय कामधंदा ऱ्हायला नाय! तुझा बाप तू झालास त्या दिवशी वांगी घिऊन सायखेड्याच्या बाजारी गेला व्हता. इकून आला, मंग तुझं तोंड पाह्यलं. तुझं काय वाकडं झालं?"

लहानूनं सुतळीवरून नजर उचलली, पुन्हा खाली घातली.

"आई, रजेचं सोड, नोकरी चाललीय. तू तिचं नाव बदललं नसतं तर..."

"मंग? आपल्या घरात सून येती तर नवं नाव घिऊन येती. महेशाला म, म्हणून मनीषा. चांगलं नाव दिलं, काय दगड-धोंडा नाय म्हणलं. माझं बदललं तवा मला कोणी इचारलं व्हतं का?"

हे शेवटचं वाक्य तिनं जरा जोरात म्हटलं. नंतर ती चुलीपुढं जाऊन बसली आणि भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापल्या.

दुसऱ्या दिवशी महेशनं किरकोळ रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीनं कळवण गाठलं. दवाखान्यातला कारकून भला होता, पण त्याच्याकडंही कागद होते. "आम्ही कार्डावरून लिहिलं. कार्डावर तृप्ती. ही मनीषा कोण, ते तुम्ही सांगा."

"तीच."

"पुरावा आणा, दुरुस्त करतो. लग्नपत्रिका आहे?"

पत्रिका होती, सासऱ्यानं जपून ठेवली होती. पण पत्रिका छापली तेव्हा तांदूळ पोत्यातच होते. तिच्यावर ठळक अक्षरात छापलं होतं, चि. सौ. कां. तृप्ती. म्हणजे पत्रिकेनं उलट तृप्तीचंच लग्न पक्कं केलं, मनीषाचा पत्ताच नाही.

महेश सासरवाडीला गेला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही म्हणून दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आतून शेगडीचा धूर आणि ओव्याचा वास येत होता. सासूनं मुलगी आणून त्याच्या हातावर ठेवली. एवढीशी, मुठी आवळलेली, कपाळावर आठ्या. अगदी नवसाबाई. महेशनं करंगळी पुढं केली, ती तिनं मुठीत धरली.

"झालं का रजेचं?" आतून बायकोनं विचारलं.

त्यानं सांगितलं. मग हसण्याचा आवाज आला, पण तो नुसता हसण्याचा नव्हता.

"मनीषाताई कशा आहेत? बरं चाललंय ना त्यांचं? दुपटी धुवायला या म्हणावं इकडं."

"तृप्ती, थट्टा नको. वकिलाला विचारून बघतो. तू नाशिकला येऊन सही केलीस की मिटेल. मी तृप्ती तीच मनीषा, असं शपथेवर लिहून द्यायचं."

"मी कशी येऊ? आत्याबाईंनी नाशिकहून सांगून पाठवलंय, सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. पहिल्या दिवशीच निरोप आला, डिंकाच्या लाडवांच्या डब्याबरोबर." मग जरा थांबून, "त्या दिवशी ताटातलं नाव वाचलं ना, तेव्हा मी म्हणणार होते, माझं काय वाईट आहे? पण सगळे टाळ्या वाजवत होते."

महेशनं मुलीला परत दिलं. मूठ त्याच्या करंगळीभोवती होती, ती सोडवावी लागली. एसटी सुटायची वेळ झाली होती. एका रात्रीचा पाहुणा म्हणून यायचं नाही असं तो म्हणाला होता; आता तर तो एका तासाचा पाहुणा होऊन चालला होता. वेशीपर्यंत सासरा पुंजा आला. तो एवढंच म्हणाला, "जावईबापू, पोरीनं साऱ्या गल्लीला सांगितलंय, बाळाचा बाप पंधरा दिस ऱ्हानार म्हनून. तेवढं बघा."

नाशिकला कोर्टाच्या आवारातला वकील म्हणाला, बाई समोर पाहिजे. बाई नाही तर निदान बाईचं नाव ज्यांनी बदललं ती वडीलधारी माणसं ऑफिसात जाऊन सांगू देत. महेशनं ते घरी सांगायचं धाडस केलं नाही. तो नुसता आडवा पडला, भिंतीकडं तोंड करून. नवसाबाईनं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा तिनं हाक मारली नाही, ताटच उशाशी आणून ठेवलं.

"काय म्हणला वकील?"

त्यानं सांगितलं.

"मंग एवढंच ना? मेल्या, मघाशीच सांगायचं!"

सकाळी फुलबाजारात नवसाबाईची जागा रिकामी होती. हे पावसापाण्यात कधी झालं नव्हतं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, रेशनकार्ड पिशवीत टाकलं, नवऱ्याला म्हणाली, "चला, सदरा घाला," आणि रिक्षा करून नाशिकरोड गाठलं. महेश ऑफिसात खैरनारसाहेबांपुढं उभा होता. टेबलावर लांबलचक पाकीट तयार होतं, वर मोठ्या ऑफिसचा पत्ता. वाल्मीक टपालाची पिशवी घेऊन निघण्याच्या बेतात होता.

"थांब रं पिशवीवाल्या," दारातूनच आवाज आला.

वाल्मीक थांबला. तो मोठ्या साहेबांसाठीही इतका चटकन थांबत नसे.

"नमस्कार. मी महेशची आई. सुनंचं नाव मी बदललं. काय गुन्हा असंल तो माझ्यावर टाका आन् पोराला सोडा."

"बसा आजी," साहेब म्हणाले. "तसं नाही. तुम्ही कोण, त्यालाही काही पुरावा लागतो. रेशनकार्ड आणलंय?"

"हे काय. पर त्यात भागीबाई लिव्हलंय. ती मीच."

साहेबांचा हात हवेतच राहिला. "तुम्ही तर नवसाबाई ना? महेशच्या कागदावर आईचं नाव नवसाबाई आहे."

"सासरची नवसाबाई. माहेरची भागी. माझ्या सासूनं बदललं. ती गेली, तिला काय आता नोटीस धाडता? कार्ड काढाया हे गेले व्हते, ह्यांनी भागी सांगितलं."

साहेबांनी लहानूकडं पाहिलं. "बाबा, ही भागीबाई कोण?"

लहानूनं टोपी काढली, पुन्हा घातली. "व्हती येक," तो म्हणाला. "आमच्या लग्नाच्या दिशी, सांजच्याला तांदळात नाव पडंपर्यंत व्हती."

"मग कार्डावर तेच कसं सांगितलंत?"

"त्यानं इचारलं, बायकोचं नाव काय. तोंडात तेच आलं."

नवसाबाईनं नवऱ्याकडं वळून पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ती कामासाठी आली होती. ती पुन्हा साहेबांकडं वळली.

"आता बोला. माझ्या नवऱ्याच्याबी दोन बायका झाल्या. धरा ह्यांना. ह्यांना तर येक सांभाळताना घाम फुटला, आन् तुम्ही दुसरी गळ्यात घालताय."

टेबलाटेबलांवरची माणसं उठून दारात जमली होती. साहेब म्हणाले, "आजी, असं कसं चालेल? नियम असतो."

"असंल. तुमच्या मंडळीचं नाव काय?"

"सुनंदा."

"माहेरचं?"

साहेबांनी खोकून घेतलं. "सिंधू."

"कोणत्या गावच्या?"

"देवळ्याच्या."

"पहिलं बाळंतपण?"

"देवळ्यालाच."

"मंग तुमच्या थोरल्याच्या दाखल्यावर कोण हाय, साहेब? सुनंदा का सिंधू?"

साहेबांच्या डोळ्यांपुढं घरातलं कपाट उभं राहिलं, कपाटातली फाइल, फाइलमधला पिवळा पडलेला दाखला. त्यांनी कपाळावरचा घाम टिपला. दारातून कोणीतरी म्हणालं, "आमच्याकडंपण तसंच आहे." "आमचीही माहेरी वेगळीच." आणि सगळ्यांत मागून टायपिस्ट बाईंचा बारीक आवाज आला, "साहेब, मी स्वतःच दोन आहे."

खैरनारसाहेबांनी हिशेब केला. महेशचं प्रकरण वर गेलं की वरून सगळ्यांचे कागद तपासायचा हुकूम खाली येणार. मग एका ऑफिसात एवढे दोन-दोन बायकांचे नवरे सापडणार की कुलूपच लावावं लागेल. आणि पहिलं नाव कोणाचं, तर यादी करणाऱ्याचं.

"वाल्मीक," ते म्हणाले, "ते पाकीट आण इकडं."

पाकीट चार तुकडे होऊन टोपलीत पडलं. साहेबांनी पेन उघडलं आणि महेशच्या अर्जावर सुंदर अक्षरात लिहिलं की वडीलधाऱ्यांच्या समक्ष सांगण्यावरून तृप्ती आणि मनीषा या एकच असल्याची, तसेच बालिका अर्जदाराचीच असल्याची खात्री झाली. सबब रजा मंजूर. खाली सही. मग हळूच महेशला म्हणाले, "आजच जा. आणि परत आल्यावर ह्या विषयावर ऑफिसात कोणी एक अक्षर बोलायचं नाही."

"आन् भरपगारी ना?" नवसाबाईनं विचारलं.

"भरपगारी, आजी."

"मंग ठीक."

बारशाच्या दिवशी नवसाबाई आणि लहानू कळवणला पोचले तेव्हा वेशीजवळच्या हापशावर बायकांचा घोळका जमलेला दिसला. मधे कोणीतरी पाणी हापसत होतं. नवसाबाईनं वाकून पाहिलं. महेश. बाह्या वर केलेल्या, समोर दुपट्यांचा ढीग. तिचा एकुलता एक, खुर्चीवरची नोकरी असलेला मुलगा, सासरवाडीच्या हापशावर लंगोट धूत होता.

तिनं तोंड उघडलं. बायका बघायला लागल्या. नवसाबाईनं एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा बायकांकडं, आणि उघडलेलं तोंड तसंच वाया जाऊ दिलं नाही.

"काय पाह्यता गं? सरकार पगार देतंय त्याला ह्याचा! तुमच्या नवऱ्यायला कोणी देतंय का?"

घरात पाळणा सजला होता. दाराशी गेल्यावर नवसाबाई जरा अडखळली. सुनेला हाक मारायची होती, पण मनीषा म्हणावं तर दवाखाना नाही म्हणतो, तृप्ती म्हणावं तर आपलीच जीभ वळत नाही. शेवटी म्हणाली, "ए पोरी, बरी हाईस ना?"

"बरी आहे आत्याबाई," सून म्हणाली. "दोघीपण बऱ्या आहोत."

नवसाबाईनं डोळे बारीक केले. सुनेच्या तोंडावरची माशी हलली नाही. सासूला पहिल्यांदाच वाटलं, ही पोरगी आपल्या घरात खपेल.

नावाचा घोळ सुरू झाला. कोणी म्हणे त वरून ठेवा, कोणी म म्हणे. विहीणबाईंनी नवसाबाईलाच विचारलं. ती म्हणाली, "दिशा म्हणा, काय बी म्हणा. पर येकदाच म्हणा. पुन्हा कोणी ताट घिऊन बसलं तर ते तांदूळ मी त्याच्या डोस्क्यावर उधळीन."

नात्यातल्या एका आत्यानं मुलीच्या कानात कुर्र केलं, दिशा नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. दारात पाणी गळणारी दुपटी वाळत पडली होती, पुंजा गल्लीतल्या एकेकाला हात धरून आणून ती दाखवत होता.

संध्याकाळी नवसाबाई आणि लहानू एसटीकडं निघाले. व्याह्यांनी दिलेल्या कांद्यांची पिशवी नवसाबाईच्या हातात होती. फुलबाजार असो की आठवड्याचा बाजार, ओझं तिच्याच हातात असायचं. दुसऱ्यानं हात लावला की ती म्हणायची, 'माझे हात मोडले नाय अजून.' चढावर ती दोनदा थांबली. लहानू दोन पावलं पुढं होता. तो वळला.

"भागे," तो म्हणाला, "पिशवी आण इकडं."

नवसाबाई जागच्या जागी उभी राहिली. आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही. "चारचौघात काय हाका मारता! कोणाला म्हणता? भागी कोण इथं?"

लहानू हात पुढं करून उभा राहिला.

नवसाबाईनं पिशवी कधीच दिली नसती. ती भागीनं दिली.